शिबिरातली ताई

या उन्हाळ्यात माझ्या लेकीने घरात हाका मारणं बंद केलं. काही दिसलं की ती जागच्या जागी थांबायची आणि उजवा हात वर करायची. मी पोळ्या लाटत असायची, आणि ही बाईसाहेब खिडकीपाशी हात वर करून उभी. "काय झालं?" म्हटलं की ओठांवर बोट. बाहेर जास्वंदीवर बुलबुल बसलेला असायचा.

"पाखरू दिसलं की ओरडायचं नाई, हात वर करायचा. ताई म्हणते."

'ताई म्हणते' ऐकून ऐकून माझे कान किटले. ही ताई म्हणजे नालवाडीच्या बाहेर मुलांचं निसर्ग शिबिर घेणारी मुलगी. पंचविशीची असेल. कापलेले केस, गळ्यात दुर्बीण, आणि आवाज कधी म्हणजे कधी चढत नाही. माझा तर दूध उतू गेलं तरी चढतो. सुट्टीत पोरगी मोबाईल सोडेना म्हणून मीच तिचं नाव शिबिरात घातलं होतं, त्यामुळे तक्रार तरी कोणाकडे करणार?

स्पष्टच सांगते, मला त्या मुलीचा हेवा वाटायचा. पहाटे उठवायला मी, टोपी शोधून द्यायला मी, पाण्याची बाटली भरायला मी, आणि डोळे चमकायचे ते तिचं नाव निघालं की. त्यात ती जे शिकवत होती ते सगळं मला येत होतं. सेलूकडच्या आमच्या शेतात मी लहानाची मोठी झाले. मुंगूस कुठून निघतं, मोहाची फुलं वेचायला किती लवकर उठावं लागतं, तितर अंडी कुठे घालतं, हे मला कोणी शिबिरात शिकवलं नव्हतं. पण शिकून शिक्षिका झाले, शहरात घर केलं, आणि लेकीला 'मातीत हात घालू नको' म्हणतच वाढवलं.

एकदा तिने शिबिरातून एक पीस आणलं, तपकिरी, आडव्या रेघांचं. मी पाहताक्षणी म्हटलं, "तितराचं हाय हे."

"थांब, ताईले विचारून सांगते," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पाठीवरची पिशवी टाकता टाकता सांगितलं, "बरोबर होतं तुझं. ताई म्हणते, तितराचंच हाय." शाळेत पेपर मी तपासते, आणि घरी माझाच पेपर तपासून आला होता. त्या दिवशी मी भाजीत मीठ घालायला विसरले.

मग मीच शिबिरात गेले आणि ताईला म्हटलं, शेवटच्या दिवशी मुलांना आमच्या माहेरच्या शेतात न्या, मी धुऱ्यावर तितराचं घरटं दाखवते. दोन शेतांच्या मधला तो उंच बांध म्हणजे धुरा. त्यावरच्या गवतात, बोरीच्या झुडपांखाली तितर दरवर्षी असायचंच. ताई मनापासून खूश झाली. पण मला तिच्या खुशीशी काय देणंघेणं होतं? लेक माझ्याकडे टकामका पाहत होती.

"खरंच दाखवशीन, आई?"

"मी नाई तर कोण दाखवन?"

त्या दिवशी ती झोपेपर्यंत माझ्याच मागे मागे होती. घरटं कसं असते, अंडी कोणत्या रंगाची, पिल्लं कधी पळतात. मी सांगत होते आणि मनातल्या मनात त्या दुर्बिणीवालीला म्हणत होते, आता बोल.

माहेरी दादाला फोन केला. "लेकरं येऊन राह्यली, दादा, शहरातली हायेत. शेत जरा साफ करून ठेवजो. साप-विंचू निघाले नाई पायजे."

"तू काऊन काळजी करतं? ठेवतो करून," तो म्हणाला.

आमच्याकडे उन्हाळ्यात शेत साफ करणं याचा अर्थ धुरा पेटवून देणं. पेरणीच्या आधी घरोघर हेच करतात. लहानपणी मी स्वतः काडीपेटी घेऊन वडिलांच्या मागे धावले आहे. पण फोन ठेवताना ते माझ्या डोक्यातही आलं नाही.

शेवटच्या दिवशी गाडी शेतापाशी थांबली आणि मुलं टपाटप उतरली. या टोकापासून त्या टोकापर्यंत धुरा काळाभोर. बोरीचे नुसते जळके खुंट उरले होते. दादा मात्र थंड पाण्याचा माठ भरून हौसेने उभा. "पाहा, एक काडी नाई ठेवली," तो म्हणाला.

"मामा, तितर कुठं हाय?" लेकीने विचारलं.

"आता कायचं तितर?"

"कोणं जाळलं हे?"

"मीच जाळलं न. तुह्या आईनंच फोन केलता, साफ करून ठेवजो म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलं. रडली असती तर बरं झालं असतं. ती गेली आणि ताईचा हात धरून उभी राहिली.

ताई मला एका शब्दाने बोलली नाही. राखेत खुशाल बसली आणि मुलांना म्हणाली, "चला, आग लागून गेल्यावर इथे कोण कोण परत आलंय ते शोधू या." मुलं लगेच नांगरलेल्या वावरात पांगली. ती मला चार शब्द बोलली असती तर मी आठ ऐकवले असते. माझ्याच भावाच्या शेतात तिने मला सांभाळून घेतलं, हे मात्र मला सहन होईना. मी निंबाखाली जाऊन बसले.

तेवढ्यात टिटवी ओरडायला लागली. मुलांच्या डोक्यावरून घिरट्या घालत, खाली झेपावत, जिवाच्या आकांताने. मी ताडकन उठले. टिटवीला गवत लागत नाही, ती उघड्या रानात, ढेकळांमध्येच अंडी घालते. तिने उंचावर घातली की सखलात, यावरून आमचे वडील पावसाचा अंदाज बांधायचे. आणि अशी ती उगाच ओरडत नाही.

"थांबा! कोणी पाय उचलू नका!" माझा वर्गातला आवाज निघाला. मुलं होती तिथेच थिजली. ताईसुद्धा. "टिटवीची अंडी हायेत इथं. आपापल्या पायाजवळ पाहा, फक्त पाहा."

सगळे खाली माना घालून शोधत राहिले. मग माझ्या लेकीने हात वर केला.

कोणासाठी केला, देव जाणे. तिची नजर जमिनीवर होती. मी आणि ताई दोघीही जपून पावलं टाकत निघालो. ताई तिच्या जवळ होती, मी लांब. दोन पावलांवर ताई थांबली, माझ्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकली. याचाही मला रागच आला. पण मी गेले.

लेकीच्या चपलेपासून वीतभर अंतरावर चार अंडी होती, मातीच्या रंगाची, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत करून ठेवलेली.

"तुले कसं समजलं, आई?" ती कुजबुजली.

"ती ओरडून राह्यली न, त्याच्यावरून."

"मंग हे मले आधी कधी काऊन नाई सांगितलं?"

राखेने माखलेला तिचा हात माझ्या हातात आला. सगळ्या सुट्टीत मला एवढंच हवं होतं. तशीच मी संध्याकाळपर्यंत त्या उन्हात उभी राहिले असते.

तिने माझा हात ओढला. "आई, ताईले बी बोलाव न. तिनं नाई पाह्यले."

मी वळून पाहिलं. ती मुलगी होती तिथेच उभी होती, टिटवी आता तिच्या डोक्यावर ओरडत होती. मी तोंड उघडलं, आणि लेकीने ओठांवर बोट ठेवलं.

मी हात वर केला.