उभ्याचं माप

तीन महिन्यांची बिनपगारी रजा काढून मी परदेशातल्या एका खेड्यातल्या इस्पितळात सेवा करायला गेले. माहितीपत्रकात लिहिलं होतं, स्थानिक संस्कृतीचा जवळून अनुभव मिळेल. मला वाटलं, नाचगाणी असतील. वाट्याला आला एक सुतार.

इस्पितळाच्या मागे, पाण्याच्या टाकीला लागून त्याची पत्र्याची शेड होती. खाटांचे मोडके पाय, स्टुलं, खिडक्यांच्या चौकटी, सगळं त्याच्याकडे. कुबड्या तोच करायचा आणि मेलेल्यांच्या पेट्याही तोच. साठी उलटलेला, काटकुळा, शब्दाला महाग. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून पहिल्याच आठवड्यात लहान, मध्यम, मोठ्या अशा ठरावीक मापांच्या कुबड्या करून ठेवायची यादी त्याच्या हातात ठेवली. त्याने ती नीट वाचली, चार घड्या घातल्या आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सारली. माणूस आणा, उभा करा, मग माप घेतो, असा त्याचा निरोप वॉर्डच्या थोरल्या सिस्टरने मला इंग्रजीत सांगितला. आमचं सगळं बोलणं तिच्यामार्फतच चालायचं. दोघांच्या मधे पडून ती बिचारी कंटाळून गेली होती.

मला परतायला तीन आठवडे उरले असताना त्याची बायको ओल्या पायरीवरून घसरली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी सळई घालून ते बसवलं. आता तिने उभं राहायचं, एवढंच बाकी होतं. या वयात माणूस पडून राहिला की पाठीला जखमा होतात, छातीत कफ साठतो आणि मग हाड जुळलं काय, न जुळलं काय, सारखंच. हे मी सिस्टरमार्फत तिला रोज सांगत होते. ती म्हणे, आधी आधाराला काहीतरी द्या, मग उभी राहते. नुसतं सिस्टरने आणि मी धरून उठवायला गेलो की चादर मुठीत घट्ट धरून डोळे मिटून घ्यायची.

नवऱ्याला कुबड्या मागितल्या तर तो म्हणे, आधी तिला उभी करा. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत.

मी टेप घेऊन त्याला खाटेपाशी नेलं. काखेपासून टाचेपर्यंत आडव्या माणसाचंही माप घेता येतं, आम्ही नेहमी घेतो, असं सांगितलं. त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले.

"आडव्या माणसाचं माप मी एकाच कामासाठी घेतो," तो म्हणाला.

हे मला सांगताना सिस्टरचा आवाज उतरला. मी मात्र चिडले. बायको मरणाच्या दारात आणि याला शकुन-अपशकुन सुचतायत! मूर्ख म्हातारा, असं मी मराठीतच म्हणाले, एवढाच काय तो माझा संयम.

ऑपरेशननंतर सहाव्या दिवशी तिला खोकला सुरू झाला. तेव्हा मात्र मी सिस्टरला ओढतच शेडकडे निघाले. कुणाची जुनीपानी जोडी मिळाली तरी उचलून आणायची, याला विचारायचंच नाही, असं ठरवलं होतं. दाराआड गोणपाट दिसलं. ते बाजूला केलं तर मागे कुबड्यांच्या चार जोड्या. नव्या कोऱ्या, घासूनपुसून गुळगुळीत केलेल्या. काखेखाली येणाऱ्या भागावर जाड कापड शिवलेलं. प्रत्येक जोडी आधीच्या जोडीपेक्षा दोन बोटं आखूड.

तो रंधा हातात धरून तसाच उभा राहिला. मी म्हटलं, "बाबा, माप न घेता केल्यात?"

"चाळीस वर्षं ती माझ्या शेजारून चालतेय. माप ठाऊकच होतं." मग रंधा खाली ठेवून म्हणाला, "पण आता ती किती उरलीय ते कळेना. एक केली, ती मोठी वाटली. मग दुसरी. मग आणखी."

माझा राग कुठल्या कुठे गेला. आपण या माणसाला मूर्ख म्हटलं याची मनापासून लाज वाटली.

चारही जोड्या आम्ही वॉर्डात नेल्या. त्या बघून बायको आधी नवऱ्याला बोलली. इतके दिवस दडवून ठेवल्या, म्हणजे मी उठतच नाही असं धरून चालला होतात की काय, असं काहीसं. त्याने चारही जोड्या उंचीच्या क्रमाने खाटेला टेकवल्या. मग तिने स्वतःच सगळ्यात मोठी जोडी मागितली. आम्ही तिला धरून उठवलं. ती घामाघूम झाली, पण या वेळी तिने डोळे मिटले नाहीत. पहिली जोडी बरीच उंच झाली. दुसरी थोडीशीच. तिसरी बरोबर बसली, आणि ती खिडकीपर्यंत चार पावलं जाऊन आली.

चौथी, सगळ्यात आखूड जोडी तो काखेत मारून शेडकडे निघाला. मी सिस्टरला घेऊन मागोमाग गेले, म्हटलं, राहू द्या बाबा, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. त्याने मान हलवली, जोडी फळीवर आडवी ठेवली आणि करवतीने तिचे बारीक बारीक तुकडे केले.