सैल कंबर

घरात तिला सगळे भिंगरी म्हणत. नवरा सांगायचा, "हिचा एक घास टेबलावर, दुसरा ओट्यापाशी आणि तिसरा दारात." इस्पितळात ती रिपोर्ट आणि औषधं या मजल्यावरून त्या मजल्यावर पोचवायची. लिफ्टची वाट बघणं जमत नाही म्हणून जिने चढायची. सुट्टीच्या दिवशी कपाटातल्या धड असलेल्या घड्या मोडून पुन्हा घालायची. आणि गंमत अशी, की याच बाईने तरुणपणी निव्वळ उभं राहण्याचा पगार घेतला होता.

शहरातल्या एका बड्या फॅशन डिझायनर बाईंकडे ती मापाची बाई होती. मॅडम कागदावर कपडा बेतत नसत, थेट हिच्या अंगावर बेतत. मॅडम टाचण्या लावणार, कटर मास्तर खडूने रेघा ओढणार आणि ही सकाळपासून खांबासारखी उभी. शिंक आली तरी आधी सांगायचं. मास्तरांना तिची मापं इतकी पाठ होती, की गळ्यातली टेप त्यांनी नुसती शोभेला ठेवली होती.

त्यातच तिला दिवस गेले. सांगितलं असतं तर काम गेलं असतं, म्हणून ती मूग गिळून उभी राहिली. आधी पोट आत ओढून धरायची, मग ते जमेना. अंगावर बेतलेला कपडा पोटाबरोबर सैलावत गेला आणि कुणाच्या ध्यानातही आलं नाही. रोज समोर असलेल्या माणसाकडे कोण निरखून बघतं? शोच्या आदल्या दिवशी सडपातळ मुलींनी ते कपडे घातले, तर एकजात सगळ्यांच्या कमरेशी झोळ. मॅडम त्या कपड्यांकडे बघत राहिल्या, मग चालत हिच्यापाशी आल्या आणि तिच्या पोटावर हात ठेवला.

"तू माझं वर्ष बुडवलंस," त्या हळूच म्हणाल्या. "जा."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. ती मागच्या जिन्याने उतरली ती उतरलीच, तेव्हापासून तिच्या पायांना थारा नाही. पेपरात मॅडमचं नाव दिसलं की पान उलटायची, टीव्हीवर चेहरा आला की उठून नळ बघून यायची. दुसऱ्याचं अख्खं वर्ष आपण मातीत घातलं, हे तिच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

आता मॅडम गेल्या होत्या आणि म्युझियममध्ये त्यांच्या आयुष्यभराच्या कपड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. मुलीला ऑफिसातून दोन पास मिळाले. आई तिथे कामाला होती एवढंच तिला ठाऊक, काम का सुटलं ते नव्हे. "तुझ्याच जुन्या मॅडम ना गं? चल की!" भिंगरीने आधी नाही म्हटलं, मग रात्रभर कूस बदलली आणि सकाळी मुलीच्या आधी चपला घालून तयार. तिला एवढंच बघायचं होतं, की त्या वर्षाचे कपडे तिथे आहेत का. नसले तर ते खरंच बुडालं होतं.

आत थंडगार अंधार, फक्त कपड्यांवर दिवे. मुलगी एकेक पाटी वाचत होती, तोवर ही दोन दालनं पुढे.

"आई, शर्यत लागलीय का?"

"नीट बघतेय मी," ती म्हणाली, पण बघत कुठे होती! या निळ्या गाऊनची टाचणी खांद्यात घुसली होती, त्या काळ्या बाहीने मान सोलवटली होती. हे सगळं तिला चालता चालताच आठवत होतं. वर्षं सरकत गेली. कपड्यांच्या कमरा आवळलेल्या, तिच्या त्या वेळच्या मुठीएवढ्या कमरेच्या मापाच्या. मग त्या वर्षाच्या दालनाचं दार आलं आणि ती मागे वळली.

"पाणी पिऊन येऊ या का?"

"आत्ताच प्यायलीस ना! चल."

ते दालन सर्वांत मोठं होतं आणि गर्दी म्हणावी तर तिथेच. गोल चौथऱ्यावर बिनडोक्याचे पुतळे ओळीने उभे होते. पहिल्याची कंबर बोटभर सैल, पुढच्याची चार बोटं, त्याच्या पुढच्याची वीतभर. गाइड घोळक्याला सांगत होती, "मॅडमनी इथे कंबर मोकळी केली. शिडात वारा भरतो, त्यावरून त्यांना हे सुचलं. या कपड्यांनी त्यांचं नाव जगभर झालं."

वारा! भिंगरीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं आपण मनातल्या मनात जळत राहिलो आणि यांनी एक साधा निरोप धाडला नाही? मास्तरांना तर घर माहीत होतं. तिला वाटलं, त्या गाइडला गदागदा हलवावं आणि खरं काय ते सांगावं. पण तेवढ्यात तिचं लक्ष पुतळ्यांकडे गेलं. कपडे नीट बसावेत म्हणून म्युझियमवाल्यांनी पुतळ्यांच्या पोटाला कापूस बांधून गोलाई आणली होती. कापडाखालून ती स्पष्ट दिसत होती. तिला फस्सकन हसू आलं आणि त्यापाठोपाठ डोळेही भरून आले.

मुलगी पुढच्या दारापाशी जाऊन परत आली. "आई, चल ना. अजून खोल्या आहेत."

"थांब जरा."

मुलीने तिच्याकडे टकामका बघितलं. हा शब्द तिने आईच्या तोंडून जन्मात ऐकला नव्हता. भिंगरी उभी होती, खांदे सरळ, हात अंगापासून जरा दूर, अगदी जुन्या सवयीने.

"काय झालं? बरं नाही का वाटत?"

"या कमरेत वाराबिरा काही नाही गं."

"मग काय आहे?"

तिने मुलीला मनगट धरून दोरीपाशी ओढलं आणि ओळीतल्या शेवटच्या कपड्याकडे बोट केलं.

"तू आहेस. पाचवा महिना. आतून सारखी लाथा मारत होतीस आणि मास्तर माझ्यावर ओरडत होते, हलू नकोस म्हणून."