जवसाचं तेल

देवीदासजी ढोमणे यांनी रेल्वेच्या वॅगन कारखान्यात उभी हयात टँकरांवर ‘ज्वलनशील’ ही अक्षरं रंगवण्यात घालवली. त्यामुळे आग आपल्या ओळखीची आहे, असा त्यांचा समज होता. ज्याच्यावर ती अक्षरं नाहीत ते जळत नाही, हा दुसरा समज.

निवृत्तीनंतर त्यांनी शंकर नगरातल्या घराच्या गॅरेजात हत्यारांसाठी सागवानी फळ्यांचा ओटा ठोकला. आता त्याला लावायचं काय? गॅरेजच्या बरोबर वर बायकोची, कुमुदताईंची खोली, आणि कुमुदताईंना दमा. मागे दारांना मेलामाइन पॉलिश मारलं तेव्हा दम्याचा पंप पुरला नाही, त्यांना ऑक्सिजनवर ठेवावं लागलं होतं. म्हणून उग्र वासाची पॉलिशं, पीयू आणि मेलामाइन, दोन्ही बाद. उरलं जवसाचं तेल.

दयाराम पेंटवाल्याने डबा काढून दिला. “बाबूजी, इसके कपड़े गठरी बनाके मत रखना. अपने आप गरम होके आग पकड़ते हैं. फैलाके सुखाना.”

“अरे भैया, आम्ही वर्ध्याकडचे. जवसाची चटणी जलमभर खाऊन राहिलो. पोटात लागली काय कधी आग?”

दयाराम हसला नाही.

भर मे महिन्यात देवीदासजींनी ओट्याला तेल पाजलं. लाकूड मधासारखं उजळलं. तेलाचे फडके त्यांनी, दयारामचं मन राखायचं म्हणून, तारेवर वाळत घातले.

“अहो, हे चिंध्यांचं तोरण काहून बांधलं?” जेवायला हाक मारायला आलेल्या कुमुदताई म्हणाल्या. “संध्याकाळी पाहुणे येऊन राहिले ना!”

“काढतो, बाई.”

काढले. गच्च बोळा करून पोत्यात कोंबले, पोतं ओट्याखाली सारलं, आणि दुपारची गरम लू आत येऊ नये म्हणून शटर ओढून घेतलं.

जेवून दोघं वर आडवे झाले.

“पाहिलं? वासाचा तरास झाला काय तुले?”

“नाही जी. यंदा पंप हातात नाही घ्यावा लागला.”

देवीदासजींना फार बरं वाटलं. डोळा लागणार तेवढ्यात कुमुदताई म्हणाल्या, “अहो, कोणी जवस भाजून राहिलं काय? करपला जी त्याचा.”

“शेजारची पोट्टी असन. तिले कुठं येते चटणी!”

त्यांनी उठून कूलर वाढवला. कूलर गॅरेजच्या शटरच्या बरोबर वरच्या खिडकीत बसवलेला होता. खालची हवा ओढून तो थेट पलंगावर सोडायचा.

कुमुदताई एकदा खोकल्या. मग उशीखाली पंप चाचपू लागल्या.