पाय चालत नव्हते, सायकल चालली

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही... तरी हे लिहितो आहे, कारण ते भर सकाळी, आमच्या पाम गावाहून बोईसरला जाणाऱ्या रस्त्यावर, माझ्यासमोर घडलं.

माझ्या थोरल्या भावाला — दादाला — कंपवात आहे. उजवा हात थरथरतो, चेहरा दगडासारखा, आणि चालताना पाय मध्येच जमिनीला चिकटतात. पालघरचे डॉक्टर म्हणाले, "मेंदूच्या तळाशी काळसर पेशींचा इवलासा पट्टा असतो. यांच्या त्या पेशी मरत चालल्यात. त्या परत येत नाहीत." आळीत मात्र एकच बोलणं — कामाचा कंटाळा! दादाला आजारापेक्षा ते जास्त लागे. त्यात हल्ली वहिनीलाही ते खरं वाटू लागलं होतं.

गेल्या वर्षी त्याला पुन्हा डॉक्टरकडे न्यायचं होतं. बैलगाड्या सगळ्या तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर. म्हणून बोईसर स्टेशनापर्यंत मी त्याला माझ्या सायकलवर बसवून ढकलत निघालो. वहिनी मागून येत होती. उतारावर सायकल माझ्या हातून सुटली...

दादा पडला नाही. पाय आपोआप पेडल मारू लागले, हाताची थरथर थांबली! पुढच्या वळणावरच्या चिंचेपर्यंत गेला, वळला, परत आला — मी धापा टाकत मागे.

"दादा, थांब की!"

"उतरता येत नाय रे, धर मला!"

चिंचेखाली बसलेला शेजारचा काशिनाथ उठून आमच्याजवळ आला. "बघा वयनी, आमी काय म्हनत होतो? सोंग हाय. आता नाचायला सांगा."

मी सायकल धरली. दादाचे पाय जमिनीला टेकले आणि तो जागीच थिजला. वहिनी खाली बसून दोन्ही हातांनी त्याचं पाऊल पुढे सरकवू लागली. हलेना. काशिनाथनेही जोर लावून पाहिला. तेवढ्यात सायकलची घंटी वाजू लागली, थांबेचना — दादाचा हात तिच्यावर होता, थरथर परत आली होती.

काशिनाथने हळूच हात काढून घेतला. "नाय... हे सोंग नाय."

वहिनी उठली. पदराने डोळे पुसून म्हणाली, "भावोजी, बसवा ह्यांना परत. मी धरते."

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी दादाचे पाय पुन्हा तपासले. मग म्हणाले, "हे आमच्या पुस्तकात नाही."

त्यानंतर मी कितीदा तरी पडताळून पाहिलं. चार पावलं धड चालता येत नाहीत, पण सायकल दर वेळी चालते. पेशी मेल्या, तर पेडल मारतं कोण?

वहिनीला याचं उत्तर नकोच आहे. रोज सकाळी ती सायकल धरते... आणि दादा सावरला, की सोडून देते.