चिन्नीचं चुकलेलं उत्तर

अहेरीच्या स्टँडवर चंद्रपूरची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी बॅग खिडकीतून आत सरकवून सीट धरली. माय खाली उभी राहून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होती, "इथची काळजी नको करू. तिथी नीट राह्य." गाडी हलली तेव्हा बाबा माझ्याकडे पाठ करून पानठेल्याकडे पाहत होते. आमच्या भागातून मागेपुढे बाहेर गेलेल्या सगळ्यांना अशी एखादी पाठ आठवत असेल.

मी पुण्याला चालले होते ती माझ्या कार्डांमुळे. डी.एड. झाल्यावर दोन वर्षं मी गावच्या पोरांना शाळा सुटल्यावर वाचायला शिकवायचे. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला तीन-चार ओळींची गोष्ट लिहायची आणि खाली एक प्रश्न. पोरं गोष्ट वाचायची आणि उत्तरावरून माझ्याशी भांडायची. कधी त्यांचंच बरोबर निघायचं, मग मी खोडून नवा प्रश्न लिहायचे. एका प्रशिक्षणात ती कार्डं कोणीतरी पाहिली आणि मुलांसाठी टॅबवरची वाचनकार्डं बनवणाऱ्या पुण्यातल्या एका कंपनीत मला नोकरी लागली.

तिथे मला खुर्ची मिळाली, दोन स्क्रीन मिळाले, आणि 'ग्रामीण कंटेंट' हे नाव मिळालं. सुरुवातीला मी फार उत्साहाने लिहायचे. एक कार्ड असं होतं: 'आजी पहाटे जंगलात गेली. तिने टोपलीभर मोहफुलं वेचून आणली. आजी फुलांचं काय करेल?' उत्तर होतं, 'अंगणात वाळू घालेल.'

आमच्या टीमच्या प्रमुख ताई मनाने चांगल्या होत्या. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, "मोह म्हटलं की लोकांना दारू आठवते गं. लहान मुलांचं कार्ड आहे. नुसतं फुलं ठेवू या."

मोह गेला. जंगलाच्या जागी बाग आली. चित्रात टोपलीभर मोगरा आला आणि बरोबर उत्तर झालं 'हार करेल.' तीन पर्याय लागत होते, म्हणून माझं 'वाळू घालेल' चुकीच्या पर्यायांत टाकलं. शेवटच्या तपासणीला ते कार्ड माझ्याकडेच आलं. आमच्याकडे टोपलीभर वेचलेली फुलं म्हणजे मोहच आणि तो अंगणात वाळूच घालतात, हे त्या ऑफिसात फक्त मला माहीत होतं. मी 'मंजूर' दाबलं. त्या दिवशी अजून चाळीसेक कार्डं बाकी होती, एवढंच आठवतं.

पुढच्या वर्षी ते टॅब आमच्या गावच्या शाळेत पोचले. दादाचा फोन आला. त्याची मुलगी चिन्नी तिसरीत होती, घरात सगळ्यांत आधी वाचायला लागलेली पोर.

"मॅडम म्हणते, चिन्नी वाचते पण तिले समजत नाई," दादा म्हणाला. "टॅबवर लाल येऊन राह्यलं. पहिलीच्या पोरांसंग बसवलं तिले."

सुट्टी काढून गेले. मॅडमकडून टॅब मागून घेतला आणि शाळेच्या ओट्यावर चिन्नीला जवळ घेतलं. तिने न अडखळता सगळं वाचलं. मग ते कार्ड आलं. तिने 'वाळू घालेल' वर बोट ठेवलं. स्क्रीन लाल झाला आणि आतून गोड आवाज आला, 'पुन्हा प्रयत्न कर.' तो आवाज ज्या मुलीचा होता, ती ऑफिसात माझ्या शेजारी बसायची.

"आत्या, हार दाबलं का हिरवं होते," चिन्नी म्हणाली. "मले मालूम आहे. पण आजी तं वाळू घालते ना?"

"मालूम आहे, तं दाबत काऊन नाई?"

"खोटं आहे ना ते."

समोर वर्गात पहिलीची पोरं बाराखडी म्हणत होती आणि तिचं दप्तर त्यांच्या मधोमध ठेवलेलं होतं. ते कार्ड मी लिहिलं होतं, हे मी तिला सांगितलं नाही. मी म्हणाले, "हारच दाब. सगळ्या कार्डावर त्यायले पाह्यजे तेच दाब." तिने मान डोलावली. पंधरा दिवसांत तिला परत तिसरीत बसवलं. दादाने खूश होऊन फोन केला. "तुयामुळं झालं," म्हणाला.

पुण्याला येऊन मी ताईंना सगळं सांगितलं. त्यांना वाईट वाटलं. पण कार्डं सगळीकडे गेली होती, एका गावासाठी बदलता येणार नव्हती. राजीनामा लिहीन असं मी महिनाभर स्वतःला सांगत राहिले. लिहिला नाही. अजून तिथेच आहे.

या मोहाच्या दिवसांत घरी गेले होते. मला जाग आली तोवर माय आणि चिन्नी वेचून परतल्या होत्या. मला कोणी उठवलं नव्हतं. अंगणभर फुलं पसरलेली, घरभर तो जड गोड वास. चिन्नी उकिडवी बसून ती हाताने सारखी करत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "काय करून राह्यली चिन्ने फुलायचं?"

तिचा हात थांबला. माझ्याकडे पाहून तिने शांतपणे विचारलं, "खरं सांगू, का टॅबवालं?"

चुलीपाशी माय हसली, तिला गंमत वाटली. तुम्ही जे गावीच मागे राहिलात, ते मला विचारता, घरची आठवण येते का. येते. पण माझं घर आता ते आहे, जिथे एक नऊ वर्षांची पोर माझ्याशी बोलायच्या आधी ठरवते, कोणतं उत्तर द्यायचं.