काकांचं पान सापडेना

"पाठपुराव्याशिवाय कागद हलत नाही," असं म्हणून काका शर्टाच्या खिशातलं पेन काढायचे, टेबलावर दोनदा ठोकायचे आणि परत खिशात ठेवायचे. त्या पेनाने त्यांनी कधी काही लिहिलेलं मी तरी पाहिलं नाही. ठोकण्यापुरतंच होतं ते. तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. नोकरी संपते, पण बोलणं कचेरीतलंच राहतं.

काका ठाण्याच्या एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. मी डोंबिवलीत, आमच्याच तळमजल्यावरच्या घराच्या पुढच्या खोलीत कॉम्प्युटर क्लास चालवायचे. नव्वदचं दशक संपत आलेलं. इंटरनेट फोनच्या वायरीतून यायचं, आणि येताना मोडेम असा काही किंचाळायचा की वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून ओरडायच्या, "अगं, झालं काय?" अशा त्या क्लासात काका एक दिवस आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "एक जाहिरात द्यायची आहे. जगभर."

म्हटलं, "काका, बसा तरी आधी."

बसले. मग चहा झाला आणि हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांचा एकुलता एक मुलगा, मिलिंद. चांगली सरकारी नोकरी लागलेली, ती सोडून कॉम्प्युटरच्या कामाला अमेरिकेला गेला. निघताना काका म्हणाले होते, "सरकारी नोकरीला लाथ मारणाऱ्याने या घरात पाऊल टाकायचं नाही." पोरगं बापावरच गेलेलं. खरंच नाही टाकलं. पत्र नाही, फोन नाही. काकूंनी गुपचूप पाठवलेलं एक पत्र, 'या पत्त्यावर राहत नाही' असा शिक्का घेऊन परत आलं होतं.

आणि आता त्यांची ठाकुर्लीची चाळ पाडायला काढलेली. दिवाळीनंतर सगळ्यांनी खोल्या खाली करायच्या. मिलिंदजवळ पत्ता होता तो त्या चाळीचाच.

"उद्या त्याला बुद्धी झाली आणि त्याने पत्र टाकलं, तर पोस्टमन ते कुणाला देणार? ढिगाऱ्याला?" काका म्हणाले. आणि लगेच खाकरून, "मला काही नाही. हिच्यासाठी म्हणतोय मी."

हिच्यासाठी! बरं, असू दे.

मी सुचवलं की इंटरनेटवर फुकटात एक पान करता येतं. तिकडे राहणारी आपली मुलं घरची आठवण आली की सर्च इंजिनवर आपल्या गावाचं नाव टाकून बघत बसतात. मिलिंदने कधी ठाकुर्ली टाकलं, तर तुमचं पान समोर येईल. काकांना ते फार पटलं. त्या काळी मराठी अक्षरांची मारामार होती, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायचं ठरलं. एका बोटाने, एकेक अक्षर शोधत त्यांनी पहिला मजकूर टाइप केला, तो असा: "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, खोली क्रमांक नऊमधील कुटुंब लवकरच डोंबिवली पश्चिम येथे स्थलांतरित होत आहे. नवा पत्ता खालीलप्रमाणे. कुटुंबप्रमुखाची प्रकृती उत्तम. कुटुंबप्रमुखाच्या पत्नीचे गुडघे दुखतात."

"काका, हे काय! मुलाचं नाव तरी टाका."

"कशाला? सर्व संबंधित म्हटलंय ना? ज्याचा संबंध असेल, त्याला कळेल."

मी कपाळावर हात मारला आणि खाली उत्तरासाठी माझ्या क्लासचा ईमेल पत्ता घातला.

मग त्यांना चटकच लागली. दर आठवड्याला नवा मजकूर. चाळीतला सार्वजनिक नळ दुरुस्त झाला. रेल्वेच्या पॉवर हाऊसचा भोंगा बंद झाल्यापासून चाळीतलं एकही घड्याळ दुसऱ्याशी जुळत नाही. चाळीमागच्या पेरूच्या झाडाला यंदा भरपूर पेरू आले, पण वर चढणारं कुणी नसल्यामुळे ते पाखरांच्या हवाली करण्यात आले आहेत. हा पेरूचा मजकूर मी दोनदा वाचला, तर काका म्हणतात, "शुद्धलेखन बघ जरा."

आता खरी गंमत पुढे. पान केलं म्हणजे ते लगेच सापडतं असं नव्हतं. सर्च इंजिनला आधी कळवावं लागायचं की बाबा रे, आमचं असं असं पान आहे. मग त्याला सवड होईल तेव्हा ते येणार, वाचणार आणि आपल्या यादीत घेणार. यादीत नाव लागेपर्यंत जगात कुणी कितीही शोधलं तरी पान सापडायचं नाही. हे मी समजावून सांगितलं, तेव्हा काकांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना इंटरनेट आपलं वाटलं.

"म्हणजे अर्ज करायचा."

"हो, तसंच म्हणा."

अर्ज कसा भरायचा ते मी दाखवलं. त्यानंतर काका रोज सकाळी क्लास उघडायच्या आधीच दारात हजर. मी आत पोळ्या लाटत असायचे, ते पुढच्या खोलीत कीबोर्डवर टकटक करत बसायचे. मला वाटायचं, नवीन काही लिहितायत. दसरा गेला. दिवाळीचे कंदील दुकानात लटकायला लागले. मी रोज ठाकुर्ली टाकून बघायचे आणि पान काही येत नव्हतं. काकांचं पेन टेबलावर दोनदाऐवजी चारदा आपटायला लागलं. एकदा हळूच म्हणाले, "पाडणारा ठेकेदार येऊन मापं घेऊन गेला गं." त्या दिवशी 'हिच्यासाठी' म्हणाले नाहीत.

शेवटी मी त्या सर्च इंजिनचे बारीक अक्षरांतले नियम वाचायला बसले. एक नियम वाचला आणि थांबले. एकच पान पुन्हा पुन्हा कळवणाऱ्याला ते यादीतच घेत नव्हते.

"काका, तुम्ही तो अर्ज किती वेळा भरलात?"

"रोज," काका अभिमानाने म्हणाले. "एक अर्ज, बाकीची स्मरणपत्रं. काही काही दिवशी दोन."

"अहो देवा! काका, म्हणूनच आपल्याला बाहेर बसवलंय. त्यांना वाटतंय, हा कुणीतरी उपद्रवी माणूस आहे."

काकांनी पेन काढलं आणि न ठोकताच परत खिशात ठेवलं. जन्मभर ज्या एका गोष्टीवर विश्वास ठेवला, तीच आडवी आलेली. मग फक्त एवढंच म्हणाले, "आमच्याकडे असं नव्हतं." मला इतकं वाईट वाटलं की मी उगाचच त्यांच्यापुढे अजून एक चहा ठेवला.

उपाय एकच दिसत होता. ज्याचं पान आधीच यादीत आहे, अशा कुणीतरी आपल्या पानाचा दुवा स्वतःच्या पानावर द्यायचा. सर्च इंजिन त्याच्याकडे फेरी मारतं, तिथून आपल्याकडे येतं. हे ऐकल्याबरोबर काका ताठ झाले.

"म्हणजे ओळख लागते! मग हे आधी नाही का सांगायचं, बाई? मी काय ओळख पहिल्यांदा लावतोय?"

शोधता शोधता एक इंग्लंडचा म्हातारा सापडला. त्याचा छंद काय, तर जगभरातल्या रेल्वेच्या जुन्या वीजघरांची माहिती गोळा करायची! काकांनी त्याला पत्र लिहिलं, इंग्रजीत, 'आदरणीय महोदय, आपल्या चरणी नम्र निवेदन' या थाटाचं. त्यात ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसची चिमणी आली, भोंगा आला, पाळी सुटल्यावर चाळीत शिरणारी कोळशाने काळी झालेली माणसं आली. म्हातारा खूश! दोन दिवसांत उत्तर आलं. काकांचं अख्खं पत्र त्याने आपल्या पानावर छापलं आणि खाली दुवा दिला.

चाळ रिकामी करायच्या आठवड्यात मी ठाकुर्ली टाकलं, आणि दुसऱ्याच ओळीत, "सर्व संबंधितांस कळविण्यात येते की." मी एवढ्या जोरात ओरडले की वरच्या आजी जिना उतरून खाली आल्या.

चाळ पडली. काका-काकू डोंबिवली पश्चिमेला राहायला गेले. काका रोज रेल्वेचा पूल ओलांडून पूर्वेला माझ्याकडे यायचे, खुर्चीत बसायचे, पेपर वाचायचे. काही विचारायचे नाहीत. मीही सांगायचे नाही. सांगण्यासारखं काही नव्हतंच.

संक्रांतीच्या आसपास एक दिवस मेल आली. काका समोरच बसलेले. मी स्क्रीन त्यांच्याकडे फिरवली.

"बाबा, आईचे गुडघे कधीपासून दुखतायत? मिलिंद."

काकांनी चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा काढला. मग आवाज साफ करून मला म्हणाले, "हं, घे लिहून. आपल्या उपरोक्त पत्राच्या अनुषंगाने कळविण्यात येते की..."

माझं डोकंच फिरलं. "काका! तो मुलगा आहे तुमचा, मंत्रालय नाही!"

रागावले की काय असं मला वाटलं. पण त्यांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढला, बोट वर धरून बराच वेळ अक्षरं शोधली आणि दोनच कळा दाबल्या. स्क्रीनवर आलं, 'ये'.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच तर अडलं होतं," काका म्हणाले, आणि त्यांचे डोळे भरून आले. मी तशीच मेल पाठवून दिली.

त्यानंतर काका क्लासमध्ये आले नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत, पुढच्या आठवड्यात नाहीत. सकाळी पोळ्या लाटताना बाहेरची टकटक ऐकू यायची नाही, आणि मला आपलं उगाच चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. होळीच्या सुमारास बाजारात काकू दिसल्या. हातात दोन जड पिशव्या, गुडघ्यांचं नाव नाही.

"काकू, काका कुठे? तब्येत बरी आहे ना?"

"त्यांना काय धाड भरलीय?" काकू म्हणाल्या. "पोरगं आलंय परवा. कॉट कुठल्या भिंतीला लावायची यावरून दोघं सकाळपासून भांडतायत. शेजारीपाजारी गोळा झालेत बघ." आणि त्या अशा काही हसल्या की मला भर बाजारात रडू आलं.