प्रमिलाताईंची साक्ष

प्रमिलाताई माणसाआधी बैलाची विचारपूस करायच्या. बाजारच्या दिवशी उभ्या बैलाच्या मागे जाऊन त्या सरळ त्याची शेपटी हातात घ्यायच्या आणि बुडापासून गोंड्यापर्यंत बोटांनी चाचपत जायच्या. बैलानं पाय उचलावा म्हणून शेपटी पिरगाळून मणका मोडलेला असला की तिथं गाठ लागते. गाठ लागली की मालकाची धडगत नसे. "तुह्या बोटाले असाच पेच देऊ का बे?" असं चारचौघांत विचारून त्या त्याला घाम फोडायच्या. पोरं मागून 'शेपटीवाली बाई' म्हणून ओरडायची. ताईंना त्याचं काही नव्हतं. नवख्या माणसाला त्या स्वतःच तशी ओळख करून द्यायच्या.

नांदुऱ्याला माझा फोटो स्टुडिओ होता आणि शेजारी ताईंचं शिलाईचं दुकान. मुक्या जनावरांसाठी त्यांनी संस्था काढली, तेव्हा तिचं कार्यालय म्हणजे त्यांचं शिलाई मशीन, आणि मालमत्ता म्हणजे एक रबरी शिक्का. नवऱ्या-नवरींचे फोटो काढणारा मी त्यांच्या नादी लागून बैलांच्या पाठीवरच्या जखमांचे फोटो काढू लागलो, कारण कोर्टात पुरावा लागतो. बाकीचे भूतदयावाले चाऱ्याच्या पेंढ्या वाटत आणि पेपरात फोटो छापून आणत. ताईंना त्यांचा भारी राग. "चारा कोनीबी देते. गुन्हा नोंदवाले ठान्यात कोन येते?" त्या खरंच ठाण्यात जाऊन बसायच्या. इथं माणसांच्या तक्रारी पडून आहेत, असं हवालदार म्हणाला की म्हणायच्या, "पडू द्या. मीबी इथंच पडून राह्यते." कंटाळून तो गुन्हा लिहून घ्यायचा.

ते बीटी कपाशीचे सुरुवातीचे दिवस. बियाणं नवं, त्याच्याबद्दल जितकी तोंडं तितक्या गोष्टी. त्यातच एक बोलवा उठली की बीटीची पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची उभी झाडं, खाल्ली की जनावर मरतं. खरं किती नि खोटं किती, कोणालाच ठाऊक नव्हतं. ताईंना धीर निघेना. ऑटोला भोंगा बांधून त्या गावोगाव फिरल्या : "बीटीच्या पऱ्हाटीत ढोरं सोडू नका हो! खाल्ली का जनावर गेलंच समजा!" मी ऑटोत शेजारी होतो. एवढं ठाम कशाला सांगता, असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "त्यानं एक ढोर वाचलं तरी लय झालं. मंग देजो मले शिव्या."

वडनेर भोलजीच्या पलीकडे एका गावात इस्माईलचाचा नावाचे म्हातारे गावाची गुरं राखायचे. शेवटची वेचणी झाली की वावर मोकळं करायचं आणि गावच्या गुरांना पऱ्हाटी चरू द्यायची, ही आमच्याकडची जुनी रीत. त्या गावातल्या रामदासचं गुरांशी वाकडं होतं. वेचणीआधीच ती त्याच्या वावरात घुसत, बोंडं तुडवत, आणि आधीच त्याचं पीक बेताचं. एका संध्याकाळी त्यानंच चाचांना सांगितलं, वेचणी आटोपली, उद्या गुरं आण. चाचांनी ताईंचा भोंगा ऐकला होता. पण पाऊस तोकडा झालेला, रानात हिरवी काडी नव्हती, आणि मालक स्वतः बोलावत होता. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वावरात गुरं पाय झाडत पडली. तोंडाला फेस, डोळे उलटे.

बीटीनं मेली, असा गावानं तिथल्या तिथं निकाल दिला आणि खड्डे खणून ती पुरूनही टाकली. संशय आला तो फक्त चाचांना. त्यांचा निरोप येताच आम्ही गेलो. पऱ्हाटीच्या बुडाशी कणकेचा गोळा सापडला, कीटकनाशकाचा उग्र वास मारणारा. मी फोटो काढला. ताईंनी पोलिसांना आणि जनावरांच्या डॉक्टरांना गाठून एक गाय उकरायला लावली, पण त्यात बरेच दिवस गेले होते. वासानं आम्ही सगळे मागे सरलो. ताई तिच्याजवळ उकिडव्या बसल्या. "शिंगं पाह्य इची. कोनीतरी तेल लावे," एवढंच म्हणाल्या.

इकडे गावानं चाचांना वाळीत टाकल्यासारखं केलं. बाई भोंग्यावरून ओरडून गेली तरी यानं ढोरं घातलीच कशी, असं म्हणून एकानंही त्यांच्याकडे पुन्हा जनावर सोडलं नाही. रामदासला शिक्षा झाली तरच चाचांवरचा ठपका पुसला जाणार होता. ताईंनी त्यांना शब्द दिला, "चाचा, तुमचं नाव मी कोर्टातून धुऊन आनते."

संस्थेनं सरकारी वकिलाच्या मदतीला आपला वकील दिला. गोळ्यात विष निघालं; पण गाईच्या आतड्यांचा नमुना इतका कुजला होता की प्रयोगशाळेनं हात वर केले. रामदास म्हणाला, गोळा उंदरांसाठी होता, गुरं पऱ्हाटीनं मेली. मग ताई साक्षीला उभ्या राहिल्या. त्याच्या वकिलानं शांतपणे विचारलं, "पऱ्हाटी खाऊन जनावर मरतं, असं या गावात भोंग्यावरून कोणी सांगितलं?"

हा प्रश्न येणार हे आम्हाला माहीत होतं. आठवत नाही म्हणा, असं आमच्या वकिलानं त्यांना बजावलं होतं. ताईंनी कठडा घट्ट धरला.

"म्या सांगतलं."

"खात्री करून?"

"नाही. लोकं सांगत होते, म्हनून सांगतलं."

"मग आज माझा अशील तेच म्हणतो, ते खोटं कसं?"

संशयाचा फायदा मिळून रामदास सुटला.

बाहेर आल्यावर मी त्यांच्यावर चिडलो. आठवत नाही एवढं म्हणायला काय जात होतं? ताई म्हणाल्या, "साक्षीदार फिरला का मी त्याच्या दारात जाऊन भांडे. मीच फिरली असती, त कोन्या तोंडानं भांडू?" मला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर अजूनही पुरतं पटलेलं नाही.

चाचा गाव सोडून शेगावला मुलीकडे निघाले, तेव्हा ताई एसटीपर्यंत गेल्या. "बाई, तुमी सच बोलल्या," चाचा म्हणाले, "पर गावात मुजरीम त मीच राह्यलो ना?" पोलिसांपासून वकिलांपर्यंत सगळ्यांना उलटं उत्तर देणारी ही बाई गपकन खाली वाकली आणि तिनं चाचांचे पाय धरले. "असं नोको करू, बेटी," म्हणत चाचा मागे सरकले. एवढ्यात गाडी सुटायची वेळ झाली.

त्यानंतर ताई त्या गावात कितीदा तरी गेल्या. पारावर उभ्या राहून सांगायच्या, "इस्माईलचाचाची चूक नव्हती. बिनामालूमाचं बोलून चूक म्या केली." लोक त्यांना चहा पाजायचे, "हाव बाई, हाव," म्हणायचे. चाचांना परत आणायला कोणी गेलं नाही. ते शेगावलाच वारले, आणि मागोमाग ताईही गेल्या.

मध्यंतरी एका लग्नाचे फोटो काढायला मी त्या गावात गेलो होतो. गुरं कोण राखतं आता, म्हणून एका तरण्या माणसाला सहज विचारलं. "कोनी नाही," तो म्हणाला. "पह्यले एक इस्माईल होता. त्यानं बीटीत घालून सारी ढोरं मारली."